एक टिंब कमी

सरकारी कार्डावर माझा हुद्दा क्लार्क.
ऑफिसात स्टुडिओ असिस्टंट.
खरं काम टिंबं मोजणं.

इथल्या दिनारला हजार फिल्स,
म्हणून किमतीत टिंबानंतर तीन आकडे.
गोठवलेली कोंबडी एक पॉइंट दोनशे पन्नास,
लबानची बाटली शून्य पॉइंट चारशे.
दर बुधवारी सोळा पानांचं ऑफरपत्रक.
टिंब एक घर डावीकडे सरकलं
की गुरुवारी सकाळी अख्खं मनामा कोंबडीच्या रांगेत.
असं एकदा झालं होतं, माझ्या आधीच्या मुलाच्या वेळी.
म्हणून तर जागा रिकामी होती.

ज्यांना कल्पना सुचतात ते काचेपलीकडे बसतात.
त्यांचं हसू ऐकू येत नाही, नुसतं दिसतं.
मी तीन वर्षं अलीकडे, प्रिंटरच्या उबेत.

अरबी मला मोइदीननं शिकवली,
म्हणजे अक्षरंच. चहाच्या ट्रेवर
साखरेच्या पुड्या उलट्या-सुलट्या मांडून:
हा खा, वर एक. हा बा, खाली एक.
रा आणि ज़ा जुळे,
टिंब ज्याच्या डोक्यावर तो ज़ा.

ती रात्र बेकरीच्या होर्डिंगची.
साडेअकरा वाजलेले, छापखान्याचे दोन फोन येऊन गेलेले,
हाशिम सही करून घरी, नदीम सरांचीही सही झालेली.
मला फक्त माप बघायचं होतं, बारा मीटर बाय चार.
उगाच, उजवीकडून बोट ठेवत,
पहिलीतल्या पोरीसारखं वाचलं:
ख. ब. र.
आणि कळलं.

कळलं म्हणूनच दचकले.
तीन वर्षांत अरबीतलं काही मला असं आपसूक कळलं नव्हतं.
बाबा भुसावळहून फोन करतात तेव्हा
हॅलोच्या जागी हेच म्हणतात, काय खबर?
पण बेकरीला कसली आलीय खबर?
फोटोत तर गरम खुब्ज़,
नुसती वाफ रंगवायला दोन दिवस गेलेले.
शेवटच्या अक्षरावरचं टिंब नव्या फॉण्टनं गिळलं होतं.
‘आजची रोटी’ची झाली होती ‘आजची बातमी’.

हाशिमला झोपेतून उठवलं.
आधी चिडला.
मग बराच वेळ फोनवर फक्त त्याच्या एसीचा आवाज.
मग त्यानं देवाचं नाव घेतलं,
एकदाच, हळू.

पत्र चार महिन्यांनी आलं.
मधे मी दोनदा विचारलं, एकदा जिन्यात रडले,
आणि तोंड धुऊन येऊन रमजानची पंचेचाळीस पानं तपासली.
ट्रॅफिक एक्झिक्युटिव्ह. साठ दिनार वाढ.
पत्रात टिंबाचं नाव नाही, ‘सातत्य’ असा शब्द आहे.
माझ्या आडनावातलं एक अक्षर चुकलंय.
मी ते कुणाला सांगितलं नाही.

त्या दिवशी मोइदीननं चहा
कागदी कपाऐवजी काचेच्या पेल्यात आणला.
मॅडम म्हणाला.
मी म्हटलं, असं नको ना.
म्हणाला, हुद्द्याला म्हणतो.
त्याचा स्वतःचा एकवीस वर्षं तोच आहे.
पेल्याखाली बशी होती. बशीत साखरेची एक पुडी,
सुलटी.

मुहर्रकच्या पुलावर बस थांबली तेव्हा
होर्डिंगवर ते टिंब दिसलं,
ताटाएवढं.
खालून गाड्या जात होत्या, कुणी वर बघत नव्हतं.
बघायला कशाला हवं? रोटी लिहिलंय, रोटी आहे.

रात्री फोन लागला.
काय खबर?
बढती, म्हटलं. साठ दिनार.
म्हणजे आपले किती? थांब, कागद घेतो.
पेन चालत नव्हतं, ते झटकल्याचा आवाज.
साठ गुणिले दोनशे वीस, पुटपुटणं,
मग जरा पडलेल्या आवाजात,
पण मन राखून:
एक हजार तीनशे वीस.
बरे आहेत की गं.

बाबा, म्हटलं, एक शून्य सुटलं.

थांब, म्हणाले, परत करतो.